तोफ हळू बोलायला शिकते

नर्सिंगच्या शाळेत तिची निवड झाली त्या दिवशी तिच्या आवाजाने एक आजारी म्हातारा दचकून पलंगावर उठून बसला. मुलाखतीची खोली वॉर्डाला लागून होती आणि मध्ये नुसतं एक लाकडी दार. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या प्रमुखांनी, साधा सरळ प्रश्न विचारला, "तुला नर्स का व्हायचंय?" तिने आपल्या नेहमीच्या आवाजात उत्तर द्यायला सुरुवात केली. उत्तर चांगलं होतं, मनापासूनचं होतं. पण ते अर्ध्यावर असतानाच पलीकडे भांडं पडलं आणि एक सिस्टर दारातून डोकं आत घालून घाबरीघुबरी म्हणाली, "बाई, कोण भांडतंय?"

"कोणी नाही. ही मुलगी उत्तर देतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

पोरगी कानापर्यंत लाल झाली. तिने "सॉरी" म्हटलं, तेही वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलं.

मोठ्या बाईंनी तिचा अर्ज पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाल्या, "हे बघ, मार्क चांगले आहेत, अंगात ताकद आहे, आणि तू कशाला भीत नाहीस हे दिसतंच आहे. तुला घेते. पण आमच्याकडे पहिला महिना पारखायचा असतो. पहिल्याच दिवशी मी तुला ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात उभी करणार. टाके ओले असतात, कशीबशी झोप लागलेली असते. तिथे हा आवाज निघाला तर त्याच दिवशी घरी पाठवीन. मग माझ्यावर रागावायचं नाही."

"नाही रागावणार!" पोरगी म्हणाली, आणि पलीकडे पुन्हा काहीतरी पडलं.

आता खरं सांगायचं तर यात तिचा काडीचाही दोष नव्हता. ती पिठाच्या गिरणीत वाढली होती. घर गिरणीच्या मागेच, मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीतून सगळं आरपार ऐकू यायचं. पाळण्यात असताना मोटार सुरू झाली की ती गाढ झोपायची आणि मोटार बंद पडली की गळा काढायची. जिथे दिवसभर दगड गरगरतो, पट्टा फटफटतो आणि मोटार घरघरते, तिथे "जरा मीठ दे" एवढंसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. गिरणीत माणूस जागचा हलत नाही, आवाज हलतो. बाबा दगडापाशी, आई चाळणीपाशी, पोरगी पुढे काउंटरवर, आणि तिघांची बोलणी एकमेकांच्या डोक्यावरून नुसती भिरभिरत असायची. शाळेत पहिल्या दिवशी ती "हजर" म्हणाली तेव्हा शेजारच्या वर्गातले मास्तर काय झालं म्हणून चौकशीला आले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं तोफ. शाळेत तोफ, गल्लीत तोफ, पुढे घरातही तोफ. आईने चार दिवस लोकांशी भांडून पाहिलं, मग तीही त्याच नावाने हाक मारायला लागली. आईचं म्हणणं, ओरडायला ते नाव सोपं पडतं.

तर या तोफेला नर्स व्हायचं होतं. लहानपणी एकदा बाबांचा हात पट्ट्यात सापडला होता आणि ड्रेसिंगला ती रोज त्यांच्याबरोबर जायची. पट्टी बदलणारी सिस्टर जुनी पट्टी ओढायच्या आधी थांबायची, बाबांच्या तोंडाकडे बघायची, आणि त्यांनी मान हलवली की मगच ओढायची. एवढंच. पण ते बघून हिच्या मनाने जे घेतलं ते घेतलं. पुढे कोणी शिक्षिका हो म्हणालं, कोणी बँकेच्या परीक्षा दे म्हणालं, हिने कोणालाच दाद दिली नाही.

निवडीची बातमी आली तेव्हा बाबांचा आनंद पोटात मावेना. येईल त्या गिऱ्हाइकाला ते पिठाच्या हाताने थांबवून सांगायचे, "आमची तोफ नर्स होणार! आमच्या घरात सगळे पांढरेच असतात, पण धुतलेलं पांढरं घालणारी ही पहिलीच!" हा विनोद त्यांना स्वतःला इतका आवडला की गल्लीतल्या प्रत्येकाने तो निदान दोनदा ऐकला. आईला वेगळ्याच काळज्या. युनिफॉर्मचं कापड शिंपिणीकडे टाकायचं, रबरी तळाचे न करकरणारे बूट शोधायचे, होस्टेलवर न्यायची बॅग झटकायची. त्या बॅगेच्या शिवणींतून इतकं पीठ निघालं की आई म्हणाली, ही तिथे उघडलीस तर लोक म्हणतील दळण आलंय.

आवाजाचं मात्र पोरीने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांच्या आनंदावर पाणी पडेल म्हणून पोटात ठेवलं. रोज सकाळी ती मनाशी ठरवायची, आजपासून हळू. आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की, "किती बारीक हवंय, काकू?" हे चौकात ऐकू जायचं.

शाळेने आणायला सांगितलेल्या वस्तूंत एक घड्याळ होतं. सेकंदकाट्याचं हवं होतं, नाडी मोजायला. म्हणून ती शेजारच्या घड्याळजींकडे गेली.

हे घड्याळजी म्हणजे गिरणीच्या शेजाराने गांजलेला माणूस. गिरणी सुरू झाली की त्यांच्या टेबलावरचे मोहरीएवढे स्क्रू जागच्या जागी थरथरायचे. स्वभावाने इतके मऊ की दुकानात आलेल्या माणसाला ते काय म्हणाले हे कळायला पुढे वाकावं लागायचं. वर्षातून दोन-तीनदा ते गिरणीच्या दारात येऊन रीतसर तक्रार करायचे, आणि बाबा हसून हात जोडायचे, बसायला स्टूल द्यायचे आणि पुन्हा दगडाकडे वळायचे. घड्याळजींच्या मते हा शुद्ध उद्धटपणा होता. हसून वाटेला लावतो म्हणजे काय!

"काका, घड्याळ हवंय! सेकंदकाट्याचं!" तोफ दारातूनच म्हणाली.

घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू उडाला. तो कुठे गेला हे देवालाच ठाऊक. मग दोघंही टेबलाखाली गुडघ्यांवर बसली, काकांच्या हातात लोहचुंबक, हिच्या हातात टॉर्च. तिथे टेबलाखाली, काकांचं तोंड दिसत नाहीसं बघून, तिने मनातलं सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई, तो म्हातारा, पहिला दिवस, परत पाठवणं, सगळं. सांगताना तिला रडू आलं, आणि तोफेचं रडणं तोफेसारखंच असतं.

"पुरे, पुरे," काका टेबलाखालून म्हणाले. "आधी स्क्रू सापडू दे. आणि उद्यापासून दुपारी गिरणी बंद असते तेव्हा इथे येऊन बसायचं. इतकी वर्षं तुमच्या घरातला एक तरी आवाज कमी व्हावा म्हणून मी तरसतोय. ही संधी मी सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. पद्धत सोपी होती. काका आपलं काम करत राहणार, ती समोर बसून बोलणार. आवाज चढला की काकांचा हात थांबणार. त्या पहिल्या दुपारी त्यांचा हात चाललाच नाही.

दुसऱ्या दुपारी तोफेने शक्कल लढवली आणि ती कुजबुजायला लागली. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं.

"हे चालणार नाही. तू हळू बोलत नाहीयेस, चोरून बोलतेयस. आजारी माणसाच्या उशाशी असं कुजबुजलीस तर त्याला वाटेल आपलं काही खरं नाही."

"मग कसं बोलू?" तिचा आवाज उसळला.

"तिथून का विचारतेस? इथे ये ना."

ती दारापाशी स्टूल घेऊन बसली होती. गिरणीतली सवय, जिथे असू तिथून बोलायचं. ती उठली, टेबलाजवळ आली आणि तेच पुन्हा विचारलं. जवळ आल्यावर ओरडायची गरजच उरत नाही हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कळू नये याचं तिला हसू आलं. ते हसूही मोठंच होतं, पण काकांनी हात थांबवला नाही.

तिथून गाडी रुळावर आली. बोलायच्या आधी चालत जायचं. समोरच्याने बघितलं की मग तोंड उघडायचं. वाक्याचा शेवट वर फेकायचा नाही, खाली ठेवायचा. श्वास घाईने घ्यायचा नाही. काका शिकवत होते म्हणण्यापेक्षा वैतागत होते, पण त्यांच्या वैतागातून शिकायला भरपूर मिळायचं. एका दुपारी ती लहानपणीच्या त्या ड्रेसिंगची सगळी हकिगत सांगत बसली. सांगून झाल्यावर बघते तर काकांनी घड्याळाचं चाक बसवून झाकणही लावलेलं.

"ऐकलंत का तुम्ही?" तिने विचारलं.

"सगळं ऐकलं. ती सिस्टर थांबायची, ते फार चांगलं करायची," काका म्हणाले.

तोफेला आभाळ ठेंगणं झालं. तिला स्वतःचा हा खालचा आवाज नवीनच होता, आणि तो बरा होता. थोडा जाडसर, पण उबदार. त्या दिवशी घरी जाताना ती वाटेत उगाच स्वतःशीच बोलत गेली, तो ऐकायला.

घरी प्रयोग सुरू झाले. आईपाशी जाऊन ती म्हणाली, "आई, चाळणी मी धरते, तू बस." आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मग सगळं कळल्यावर तिचा गालगुच्चा घेतला. "माणसात आलीस गं बाई. माणसात आलीस."

बाबा मात्र काही बोलले नाहीत. ती त्यांच्या बाजूला जाऊन म्हणाली, "बाबा, पट्टा जरा सैल वाटतोय." बाबा एक तळवा यंत्राच्या पत्र्यावर ठेवून उभे होते, तसेच उभे राहिले. ही त्यांची सवय होती. आतलं धान्य संपत आलं की पत्रा वेगळा थरथरतो, ते हाताला कळतं, असं ते म्हणायचे. तिला वाटलं, कामात आहेत. दुसऱ्यांदा वाटलं, गिरणी चालू आहे. तिसऱ्यांदा मात्र गिरणी बंद होती. तिघं जेवायला बसली होती, घरात हूं की चूं नव्हतं, आणि तिने भात वाढून घेत विचारलं, "बाबा, मला सोडायला तुम्ही याल ना?"

बाबा जेवत राहिले.

"अहो, ती विचारतेय, सोडायला याल ना?" आई लगेच खेकसली. "सोडायला याल ना म्हणतेय ती!"

"न यायला काय झालं! सोडायला नाही तर काय, उचलून नेईन!" बाबा खूश होऊन म्हणाले.

तोफेचा घास हातातच राहिला. आई प्रत्येक गोष्ट दोनदा बोलते, यावर त्या घरात कायम थट्टा चालायची. आईला कोणी ऐकत नाही म्हणून ती दोनदा बोलते, असं बाबाच म्हणायचे. आणि आज तिला पहिल्यांदा दिसलं की आई दोनदा बोलायची ती फक्त बाबांच्या समोर. शेजारणीशी बोलताना एकदाच. जेवण झाल्यावर तिने बाबांच्या मागे उभं राहून त्यांना हाक मारली, नव्या आवाजात. ते वळले नाहीत. जुन्या आवाजात मारली. झटकन वळले. "काय गं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

सकाळी तिने आईला चाळणीपाशी गाठलं.

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले," आई म्हणाली. ती चाळत राहिली, वर बघेना. "इतकी वर्षं त्या दगडापाशी कान घालवले त्यांनी. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला काय झालंय, हल्ली लोकच पुटपुटतात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, यंत्रावर बहिरा माणूस आहे म्हटलं की लोक दळण दुसरीकडे नेतील." आईने चाळणी खाली ठेवली. "तुझ्या आवाजावर चाललं होतं सगळं. गिऱ्हाईक तुला सांगायचं, तू त्यांना ओरडून सांगायचीस. माझा आवाजही आता पुरत नाही गं त्यांना. तू बाहेरून आलीस, तुझा दणका सुरू झाला, की त्यांना घर भरल्यासारखं वाटतं."

झालं. एवढं ऐकल्यावर तोफेने दुपार व्हायच्या आत जो निर्णय घेतला तो इतका वेडा होता की फक्त लेकच तसा घेऊ शकते. तिने ठरवलं, जायला नाही म्हणायचं नाही, बाबांचा हिरमोड होईल. जायचं, पहिल्या दिवशी वॉर्डात जुन्या आवाजात बोलायचं, मोठ्या बाई परत पाठवतील, आणि आपण निमूट घरी येऊन काउंटरवर बसायचं. कोणाचीच चूक नाही. आवाजच असला त्याला कोण काय करणार!

दुपारी ती घड्याळजींकडे गेली. टेबलाजवळ जाऊन, त्यांनी वर बघेपर्यंत थांबून, वाक्याचा शेवट खाली ठेवत ती म्हणाली, "काका, मी उद्यापासून येणार नाही. मला नाही जमायचं."

हे तिने इतकं सुरेख म्हटलं की शब्दांचा अर्थ लागेपर्यंत काकांचा हात चालूच होता. अर्थ लागला तेव्हा ती गेली होती.

घरात पुन्हा तोफ धडाडायला लागली. बाबा खुलले. एक-दोन दिवस खुलले, मग त्यांच्या लक्षात आलं की दुपारची ही घरीच असते.

"अगं, शेजारी जात नाहीस हल्ली? काहीतरी शिकत होतीस ना तिथे? हळू बोलायचं? आई सांगत होती."

"नाही जमत मला, बाबा!" ती काउंटरवरून ओरडली. "उतरतच नाही आवाज! जाऊ दे!"

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. बहिऱ्या माणसाला एक गोष्ट ऐकू येणाऱ्यांपेक्षाही बरी येते, ती म्हणजे चेहरा वाचणं, आणि या पोरीचा चेहरा ते तिच्या जन्मापासून वाचत आले होते. मग ते दगडाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी, गिरणी चालू आणि डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, बाबांनी हात पुसले, आईला यंत्रापाशी उभं केलं आणि ते तडक घड्याळजींच्या दुकानात शिरले. गिरणी चालू ठेवून ते कधीच कुठे जात नसत. तोफ काउंटरवरून मान लांब करून बघत होती. बाबांनी काहीतरी विचारलं. काकांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने काहीतरी उत्तर दिलं. मग बाबांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर आपला तळवा कानामागे धरला.

काका त्या तळव्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या सगळ्या तक्रारी त्यांना आठवल्या असणार. आपण बोलायचो, हा हसायचा, हात जोडायचा, स्टूल द्यायचा. आणि उत्तम जमत असताना पोरगी 'नाही जमायचं' का म्हणाली, तेही आत्ता उलगडलं असणार. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. आणि मग त्या मऊ माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की तसा तिथे आहे हे त्यांनाही माहीत नसावं.

"जमत होतं! उत्तम जमत होतं तिला! तुमच्यासाठी सोडलंय तिने, गिरणीवाले! तुम्हाला ऐकू येत नाही ना, म्हणून सोडलंय!"

गिरणी चालू असूनसुद्धा हे गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. रांगेतली माणसं एकदम आपापल्या डब्यांत काय आहे ते बघायला लागली. तोफेला वाटलं धरणी दुभंगावी आणि काउंटरसकट आपल्याला पोटात घ्यावं. आईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

बाबा परत आले. कोणाकडे न बघता सरळ जाऊन त्यांनी मोटार बंद केली. पट्टा सुस्तावला, दगड थांबला, आणि अशी शांतता पसरली की रांगेतल्या एकाचा खोकलाही मोठा वाटला. बाबा वळून रांगेसमोर उभे राहिले. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ते म्हणाले. "खरं आहे ते. मला कमी ऐकू येतं. बऱ्याच वर्षांपासून. यापुढे काय हवं ते माझ्या समोर येऊन सांगा, तोंड माझ्याकडे करून, सावकाश. दळण कोणाचं बिघडणार नाही. आणि बिघडेल असं वाटत असेल त्याने डबा खुशाल उचलावा, माझा राग नाही."

कोणी डबा उचलला नाही. रांगेत पुढेच असलेली इस्त्रीवाली काकू दोन पावलं पुढे आली, बाबांच्या थेट नाकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ते आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. म्हणून तर आम्ही पोरीला सांगायचो. आता बारीक दळून द्या, घरी सगळे खोळंबलेत."

बाबांनी आ वासला. मग त्यांना हसू फुटलं, मग रांगेला फुटलं, आणि आई हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. इतकी वर्षं जे झाकून ठेवायला त्या बिचारीने घसा फोडून घेतला, ते गल्लीला पाठ होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घड्याळजींना, कारण त्यांना त्यात उद्धटपणाच दिसायचा, आणि तोफेला, कारण तिच्या आवाजापुढे बाबांचं कधी अडलंच नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी तिला समोर बसवलं आणि चांगली खरडपट्टी काढली.

"माझ्यासाठी नापास व्हायला निघाली होतीस? मुद्दाम? आणि परत आली असतीस तर मी काय केलं असतं? तुला काउंटरवर बघून रोज सुखाने जेवलो असतो?"

"तुमच्याशी कोण बोललं असतं, बाबा?" ती म्हणाली. म्हणाली म्हणजे ओरडलीच.

"माझं मी बघीन! माझे कान गेलेत, मी नाही गेलो अजून! उद्यापासून दुपारी शेजारी जायचं. आणि मीही येणार."

आणि ते गेले. त्यानंतर दुपारी घड्याळजींच्या दुकानात तिघंजण बसायला लागली. पोरगी हळू बोलायची, बाबा तिच्या ओठांकडे टक लावून बघायचे, आणि काका मध्ये बसून दोघांवर वैतागायचे. बाबांना थोडं कळायचं, बरंच सुटायचं. सुटलं की ते चिडायचे, चिडून उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. काकांनी त्या दिवशी जो आवाज काढला होता तो मात्र पुन्हा कधी निघाला नाही. त्यांचा घसा बसला होता आणि बरेच दिवस ते आणखीच हळू बोलत होते.

निघायचा दिवस उजाडला. युनिफॉर्म बॅगेत होता, बूट पायात होते, काकांनी दिलेलं घड्याळ मनगटावर होतं. गिरणी अजून सुरू व्हायची होती आणि सकाळच्या उजेडात सगळं यंत्र पिठाच्या पातळ थराखाली निवांत दिसत होतं. तोफ खूश होती, अगदी मनापासून खूश होती, आणि तरीही तिचा पाय निघत नव्हता. दोन्ही खरं होतं. आई आत डबा बांधत होती.

बाबांनी दोन स्टुलं ओढली, उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी समोरासमोर मांडली, आणि एकावर बसले.

"बस. बोल आता. तिथे बोलणार तशी."

ती बसली. तिला वॉर्ड आठवला, मोठ्या बाई आठवल्या. मग ते सगळं सोडून तिने बाबांकडे बघितलं, ते बघतायत याची खात्री करून घेतली, आणि सावकाश म्हणाली, "बाबा, तुम्हाला सोडून जायला मला फार जड जातंय. पण मला जायचंय."

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ थांबल्यावरही त्यांनी नजर हटवली नाही.

"निम्मं कळलं," ते म्हणाले.

"कुठलं निम्मं?"

बाबा उठले. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यावरून उरलेलं निम्मंही पोचलं असावं. पण ते काही त्यांनी कबूल केलं नाही.

"तुला जायचंय ते," ते म्हणाले, आणि तिची बॅग उचलून दाराकडे चालायला लागले.